त्याच्यावर राज्य कधी येणार?

मराठी गल्लीत कच्चं लिंबू नावाची एक घटनादुरुस्ती फार जुनी आहे. डबा ऐसपैस, विषामृत, पकडापकडी, काहीही चालू असो. कोणाचा तरी चार वर्षांचा भाऊ नाक ओढत येतो, गॅलरीतून त्याची आई ओरडते, ‘त्यालाही घ्या रे!’ आणि तो कच्चं लिंबू म्हणून खेळात शिरतो. काही ठिकाणी त्याला लिंबूटिंबू म्हणतात. तो सगळ्यांबरोबर पळतो, लपतो, किंचाळतो. पण त्याला शिवलं तरी तो आउट नाही, त्याने शिवलं तरी कोणी आउट नाही, आणि त्याच्यावर राज्य येत नाही.

चार वर्षांच्या पोरासाठी ही व्यवस्था झकास आहे. पुढच्या मे महिन्यात तो पाच वर्षांचा होतो, ‘मी कच्चा नाहीये’ म्हणून पाय आपटतो, भांडतो, आणि एक दिवस त्याच्यावर राज्य येतं. रडत रडत का होईना, तो ते घेतो. लिंबू पिकणार हे त्या करारात गृहीत धरलेलं असतं.

माझ्या ताईचा मुलगा दहा वर्षांचा आहे. ऑटिस्टिक आहे. (मराठीत ‘स्वमग्न’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द पटत नाही. स्वतःत मग्न झालेली माणसं मी रोज मेट्रोत बघते, हातात फोन धरून. भाचा उलट आजूबाजूचं इतकं टिपत असतो की त्यालाच त्याचा त्रास होतो.) तो थोडंच बोलतो, तेही घरच्यांशी. कर्कश आवाज आला की कान झाकतो. एका दमात तीन सूचना दिल्या तर पहिलीवरच अडकतो. आणि पळतो. म्हणजे अक्षरशः सुटतो. त्याचं ते पळणं बघूनच ताईने आणि मी तीन वर्षांपूर्वी ठरवलं, याला कुठल्यातरी खेळात घालायचं. मी दिवसभर एका पेमेंट ॲपचा कोड लिहिते. थेरपिस्ट नाही, शिक्षक नाही. पण शाळेत आठ वर्षं खो-खो खेळले आहे, त्यामुळे मैदान म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मी समजत होते.

पुण्यातली मैदानं पालथी घातल्यावर त्यांचे दोन प्रकार कळले. एक, जिथे प्रवेशच नाही. दुसरा, जिथे जन्मभर कच्चं लिंबू. पहिल्याला लोक भेदभाव म्हणतात आणि दुसऱ्याला समावेशन. माझं म्हणणं असं की ही एकाच नकाराची दोन पॅकेजेस आहेत. त्यातलं दुसरं जास्त लबाड आहे, कारण त्यात नकार देणाऱ्याला वर कौतुकही मिळतं.

पहिल्या प्रकाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक फुटबॉल टर्फ होतं, फ्लेक्सवर ‘प्रत्येक मुलात एक खेळाडू असतो’ असं लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘मॅडम, तुमच्या मुलासाठी आमच्याकडे सेटअप नाहीये. पर्सनल कोचिंग घेऊ शकता.’ पर्सनल कोचिंगची फी अडीचपट होती. म्हणजे सेटअप अडीचपट पैशांत तयार होत होता.

दुसऱ्या प्रकारच्या अकादमीत तो आठ महिने होता. तिथे सगळे त्याच्याशी गोड बोलायचे. त्याला कोन मांडायला आवडतात, एका रेषेत, समान अंतरावर. ते बघून कोचने त्याला कोन मांडायचं आणि उचलायचं काम दिलं. ‘बघा, किती रमतो!’ दोन एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, त्याचा कोन हातात घेतलेला फोटो निळ्या बदामासकट अकादमीच्या इन्स्टाग्रामवर झळकला. खाली भरपूर बदाम. दर शनिवारी मुलांच्या आपापसात मॅचेस व्हायच्या. आठ महिन्यांत तो एकाही मॅचमध्ये एक मिनिटही उतरला नाही. ताईने विचारलं तेव्हा कोच मनापासून म्हणाला, ‘ताई, त्याला स्कोअर वगैरे कळत नाही ना, मग त्याला काय फरक पडतो?’

घरी आल्यावर भाचा जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्या शनिवारच्या सगळ्या मॅचेसचे स्कोअर लिहायचा. कोणी कितवा गोल मारला, तेही. ती कॅलेंडरं ताईने ठेवली आहेत.

आता मुद्द्याकडे येते. अशा मुलांना मॅचमध्ये घ्या म्हटलं की समोरून एक शब्द हमखास येतो: फेअरनेस. ‘बाकीच्या मुलांवर अन्याय नको.’ ‘एकासाठी नियम कसे बदलणार?’ हे म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांना खरंच वाटत असतं की खेळाचे नियम ही काहीतरी पाषाणात कोरलेली गोष्ट आहे आणि आम्ही छिन्नी घेऊन आलोय.

पण लहान मुलांचा खेळ म्हणजे मुळात पहिल्यापासून शेवटपर्यंत सवलतच असते. आठ वर्षांखालची मुलं तीन नंबरच्या फुटबॉलने खेळतात, मग चार नंबरच्या, आणि मोठं झाल्यावर पाच नंबरच्या. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, पण मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर आणतात. तेव्हा कोणी ‘नियम म्हणजे नियम’ म्हणत नाही. कोल्हापूरच्या आखाड्यात पन्नास किलोच्या पोराला नव्वद किलोच्या गड्यापुढे उभं करत नाहीत. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट म्हणजे तरी काय? शरीर वेगळं आहे म्हणून केलेली सोयच ना? ती सोय आपल्या मुलासाठी असली की तिला ‘कॅटेगरी’ म्हणायचं आणि दुसऱ्याच्या मुलासाठी असली की ‘अन्याय’.

आणि ही शुद्धता आपण सांगायची? जिथे वयचोरी इतकी बोकाळली की क्रिकेट बोर्डाला मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून मुलांची वयं ठरवावी लागतात? जन्मदाखल्यावर दीड वर्ष पुसलेला मुलगा चौदा वर्षांखालच्या संघात खेळतो तेव्हा पालकांच्या ग्रुपवर कुजबुज होते, फार तर. एक ऑटिस्टिक मुलगा शेवटची पाच मिनिटं उतरला की मात्र मोठा मेसेज येतो, ‘आय रिस्पेक्ट ऑल चिल्ड्रन, बट...’ इथून सुरू होणारा.

तर तिसरं मैदान. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या खो-खोच्या मैत्रिणीने एका मंडळाचं नाव सुचवलं. शाळेचं मातीचं मैदान, दोन खांब, निवृत्त पी.टी.चे सर. इन्स्टाग्राम नाही, फ्लेक्स नाही. सरांनी ताईला निदान विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, ‘त्याला काय आवडत नाही?’ ताईने यादी सांगितली. शिट्टी, हलका स्पर्श, अचानक बदल. सर म्हणाले, ‘खो-खोत तर हे तिन्ही आहे. बघू.’

पुढे जे झालं ते मी तपशिलात सांगणार आहे, कारण ‘समावेशन’ हा शब्द ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर रॅम्प, निधी आणि तज्ज्ञांची समिती येते.

शिट्टीऐवजी सर हात वर करायला लागले. पहिला आठवडा मुलं गोंधळली, मग सगळीच सरांकडे बघायला शिकली. आधी त्यांच्या शिट्टीकडेही कोणी लक्ष देत नव्हतं. पाठीवर हलका हात पडला की भाचा दचकून उठायचा आणि मैदानाबाहेर जायचा. त्याला हलका स्पर्श सहन होत नाही, घट्ट चालतो. म्हणून मुलांना सांगितलं, याला खो देताना खांद्यावर पूर्ण पंजा टेकवायचा. हे जमायला दोन दिवस लागले.

खरी अडचण वेगळीच निघाली, आणि ती आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हती. खो-खोत तुम्ही ज्याला खो देता, त्याच्या जागी तुम्हाला बसावं लागतं. भाच्याला ते मान्य नव्हतं. त्याची जागा म्हणजे खांबापासून दुसरा चौकोन. तो खो द्यायचा आणि पळत स्वतःच्या चौकोनात येऊन बसायचा, जिथे आधीच दुसरं कोणीतरी बसलेलं असायचं. मग ढकलाढकली, रडारड, खेळ बंद. दोन महिने हे चाललं. या टप्प्यावर इतर कुठल्याही ठिकाणी तो फोन आला असता. सरांनी एके दिवशी फक्कीने आठही चौकोनांत आकडे काढले आणि त्याला सांगितलं, ‘ज्याला खो देशील त्याचा आकडा तुझा.’ आकडे हा भाच्याचा प्रांत आहे. पंधरा दिवसांत जागेचं भांडण संपलं. महिनाभराने त्याला आकड्यांची गरज उरली नाही, पण सर ते अजून काढतात, कारण नव्याने आलेली लहान मुलं त्यामुळे चटकन शिकतात. ‘पाचला खो दे!’ असं ओरडता येतं.

आमच्या धंद्यात ही गोष्ट माहीत असलेली आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओवर अक्षरं आली, आणि आज तुम्ही लोकलमध्ये आवाज बंद करून रील बघता ते त्याच अक्षरांच्या जोरावर. माहीत असूनही आम्ही सुधारत नाही, तो भाग वेगळा. आमच्या ॲपमध्ये स्क्रीन रीडरला बटणांची नावं वाचता येत नाहीत, असं एक तिकीट सात महिने पडून आहे. प्रत्येक मीटिंगमध्ये ‘नेक्स्ट स्प्रिंट’. मैदानावरही हेच चालतं. नकार कोणी देत नाही, फक्त पुढच्या बॅचला ढकलतात.

या मंडळात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रसंग कौतुकाचा नव्हता. एका संध्याकाळी भाचा पाठलागाला होता. पळता पळता समोरची पोरगी हुलकावणी देऊन मागे गेली आणि हा गर्रकन उलटा वळला. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही. ती पोरगी, असेल अकरा वर्षांची, कमरेवर हात ठेवून ओरडली, ‘सर! फाउल! वळला तो!’ क्षणभर सगळे थांबले. कोणीतरी मोठा मुलगा म्हणाला, ‘जाऊ दे ना, तो आहे.’ ती म्हणाली, ‘तो आहे म्हणजे काय? फाउल म्हणजे फाउल.’

सरांनी फाउल दिला.

भाचा कान झाकून उभा राहिला. मग परत फिरला. पुढच्या आठवड्यात वॉर्मअपला साखळी खेळताना त्याच्यावर राज्य आलं. आधी तो वीस मिनिटं खांबाला धरून रडला, मग त्याने राज्य घेतलं. ताई मैदानाबाहेर उभी होती, तिला आत जावंसं वाटत होतं आणि मी तिचा दंड धरून ठेवला होता. त्या अकरा वर्षांच्या मुलीने कुठलंही वर्कशॉप केलेलं नाही. तिला फक्त जिंकायचं होतं, आणि समोरचा मुलगा तिच्या लेखी इतका खरा होता की त्याच्याविरुद्ध तक्रार करणं गरजेचं होतं. आधीच्या अकादमीत आठ महिन्यांत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार झाली नव्हती.

म्हणून लोक मला तो अमेरिकन व्हिडिओ पाठवतात तेव्हा मी त्यांना आवडेल असा रिप्लाय देत नाही. तुम्ही पाहिला असेल. फेब्रुवारी २००६, रॉचेस्टरजवळची ग्रीस अथीना नावाची शाळा, जेसन मॅकएल्वेन हा ऑटिस्टिक मुलगा. बास्केटबॉल संघाचा मॅनेजर, म्हणजे टॉवेल-पाणी बघणारा. मोसमाच्या शेवटच्या घरच्या सामन्यात त्याला शेवटची चार मिनिटं खेळवलं आणि त्याने वीस गुण केले, त्यात तीन-तीन गुणांच्या सहा बास्केट. प्रेक्षक मैदानात घुसले. पुढे तो राष्ट्राध्यक्ष बुशना भेटला. सुंदरच आहे ते. पण जो मुलगा चार मिनिटांत वीस गुण करू शकतो तो आख्खा मोसम टॉवेल का देत होता, हा प्रश्न त्या व्हिडिओखाली कोणी विचारताना मला दिसत नाही. आणि समजा त्याने चारही मिनिटांत एकही बास्केट केला नसता, तर? तर व्हिडिओ आला नसता, एवढाच फरक. चार मिनिटं त्याची होतीच. आधीचे सामनेही.

आपल्याकडे हेच मुरलीकांत पेटकरांचं नाव घेऊन केलं जातं. १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. ‘बघा, मनात आणलं तर काय होऊ शकतं!’ पेटकर थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण शनिवारी सकाळी चिखलात पळायला मिळण्याची प्रवेश फी सुवर्णपदक कधीपासून झाली? बाकीची नव्वद टक्के मुलंही कुठे पुढे खेळणार असतात? ती बारावीला खेळ सोडतात, इंजिनिअर होतात आणि माझ्यासारखी गुडघ्याला बाम लावतात. त्यांना सामान्य असण्याची मुभा आहे. भाच्याला एकतर चमत्कार व्हावं लागतं किंवा कोन उचलावे लागतात.

आता सध्याचं भांडण सांगते, कारण हा लेख त्यामुळेच लिहायला घेतला.

भाचा ‘खो’ म्हणत नाही. म्हणू शकत नाही असं नाही. घरी आरशासमोर म्हणतो. पळताना, दम लागलेला असताना, चार लोक बघत असताना शब्द बाहेर येत नाही. म्हणून मंडळात ठरलं, त्याने समोरच्याच्या पाठीला हात लावायचा आणि लगेच टाळी वाजवायची. टाळी म्हणजे खो. सरावात आणि मंडळांतल्या मैत्रीच्या सामन्यांत हे वर्षभर चाललंय. आता बारा वर्षांखालच्या मुलांची एक आंतरमंडळ स्पर्धा आहे. आयोजकांना सरांनी आधीच कळवलं. उत्तर आलं, टाळी चालणार नाही. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण आज टाळी, उद्या कोणी शिट्टी वाजवेल, परवा कोणी घंटा आणेल. खेळाची काही शिस्त असते.’

हा युक्तिवाद मला ओळखीचा वाटला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २००१ साली केसी मार्टिन नावाच्या गोल्फपटूचा खटला गाजला होता. त्याच्या पायात रक्ताभिसरणाचा आजार होता, चालणं धोक्याचं होतं; दोन फटक्यांच्या मधलं अंतर गाडीतून जाऊ द्या, एवढीच मागणी. संघटना म्हणाली, चालणं हा खेळाचा भाग आहे. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला: गोल्फचं सार फटका मारण्यात आहे, चालण्यात नाही. दोघांनी विरोध केला, त्यांतल्या न्यायमूर्ती स्कॅलियांनी खिल्ली उडवली की आता लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, लक्ष केंद्रित न होणाऱ्या मुलाचे आईबाप त्याला जास्तीचा एक स्ट्राइक मागतील. निकालाला आता दोन दशकं उलटून गेली. बेसबॉल बुडाला नाही.

त्या निकालातली कसोटी मला इंजिनिअर म्हणून आवडते, कारण ती भावनेवर चालत नाही. बदल केल्याने खेळाचं सार बदलतं का? मग आपण खो-खोला लावून बघू. ‘खो’ हा आवाज कशासाठी आहे? बसलेल्या गड्याला कळावं की आता ऊठ, त्याआधी उठायचं नाही. पळणाऱ्याला कळावं की पाठलाग करणारा बदलला. पंचाला कळावं की खो झाला. टाळी ही तिन्ही कामं करते, आणि जरा जास्तच मोठ्याने करते. भाच्याला त्यातून फायदाही नाही. दोन्ही हात एकत्र आणावे लागत असल्याने त्याचा खो उलट क्षणभर उशिराच होतो. कोणाला टाळीचा हेवा वाटत असेल तर त्याने खुशाल टाळी वाजवून बघावी.

टेनिसमध्ये तर याचं लेखी उत्तर आहे. व्हीलचेअरवरच्या खेळाडूला चेंडूचे दोन टप्पे चालतात. समोरचा पायांवर उभा असेल तर त्याला एकच टप्पा. एकाच कोर्टवर, एकाच सामन्यात, दोन खेळाडूंना दोन नियम, आणि हे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत लिहिलेलं आहे. क्रिकेटमध्ये जखमी फलंदाजाला रनर मिळायचा. गैरवापर होतो म्हणून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांतून तो काढला, पण क्रिकेटच्या मूळ कायद्यांत तो अजून आहे. फलंदाजाच्या जागी दुसराच माणूस पळतो, यापुढे टाळी म्हणजे काय हो?

आणि खो-खोची शिस्त म्हणाल तर, ज्या नियमावर त्या पोरीने फाउल मागितला, दिशा न बदलण्याचा, जो खो-खोचा कणा आहे, तो आपण स्वतःच मोडला आहे. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, तीही आपल्या बालेवाडीत. तिथे ‘वझीर’ आला. पाठलाग करणाऱ्या संघातला हा गडी कुठल्याही दिशेला पळू शकतो. मातीची मॅट झाली. नऊ मिनिटांची पाळी सात मिनिटांची झाली. कारण काय, टीव्हीवर बघायला बरं दिसतं. मला वझीर आवडतो, तक्रार नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनी तो जिंकला, तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उभी राहून ओरडले होते. पण प्रक्षेपणासाठी कणा वाकवता येतो आणि दहा वर्षांच्या पोरासाठी एका अक्षराच्या जागी टाळी चालत नाही, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

सुरक्षेचं काय, असं विचारतात. हा प्रश्न मी गंभीरपणे घेते. खूप घाबरला तर तो ढकलतो. म्हणून सरांनी त्याच्यासाठी मैदानाच्या कडेला एक जागा ठरवलीय. जड झालं की तो तिथे जाऊन बसतो, कोणी मागे जात नाही, चार-पाच मिनिटांत परत येतो. वर्षभरात मंडळात दोन मुलांचे हात मोडले. दोन्ही वेळा भाचा त्या जागेत बसलेला होता. खेळात इजा होतेच, मग धोक्याचा हिशेब एकाच मुलाच्या नावावर का मांडायचा?

‘त्यांच्यासाठी वेगळ्या स्पर्धा असतात ना’ हे दुसरं. असतात. स्पेशल ऑलिम्पिक्स १९६८ पासून आहे आणि तिने जगभरातल्या लाखो मुलांना मैदान दिलं. पण त्याच संस्थेने पुढे युनिफाइड स्पोर्ट्स काढलं, ज्यात बौद्धिक दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात असतात. बास्केटबॉलच्या पाच जणांत तिघे आणि दोघे. ज्यांनी वेगळं मैदान उभं केलं त्यांनाच ते पुरेसं वाटलं नाही. आणि काही मुलांना वेगळं, शांत मैदानच आवडतं, तेही ठीक. त्यांना निवडू द्या. आयोजकाने परस्पर निवडलं की ती निवड राहत नाही, रवानगी होते.

एक गोष्ट मी मान्य करते. जिल्ह्याचा संघ निवडताना सगळ्यांना घ्या, असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१३ मध्ये शाळांना जे पत्र लिहिलं त्यात ही रेषा नीट आखली आहे: चाचणी घ्या, गुणवत्तेवर निवडा, पण चाचणीला उतरण्याची समान संधी द्या. ऐकू न येणाऱ्या धावपटूला पिस्तुलाच्या आवाजाबरोबर दिवा दाखवा. एकच हात असलेल्या जलतरणपटूला दोन्ही हातांनी भिंतीला स्पर्श करायला लावू नका. दिव्याने शर्यत सोपी होत नाही, ती फक्त सगळ्यांसाठी एकाच वेळी सुरू होते. बारा वर्षांखालच्या, पैसे भरून शिकणाऱ्या मुलांच्या शनिवारच्या मॅचमध्ये तर निवडीचाही प्रश्न नाही. तिथे सगळ्यांनी खेळायचं असतं.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाची आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी. कलम ३० सांगतं की क्रीडा प्राधिकरणांनी त्यांचा खेळात भाग घेण्याचा हक्क मानून आपल्या योजनांत त्यांची तरतूद करावी. ‘वाजवी सोय’ ही संकल्पनाही त्यात आहे: अवाजवी बोजा न पडता करता येईल तो बदल करा. टाळी किती रुपयांचा बोजा आहे? खासगी अकादमींवर हा कायदा कितपत चालतो यावर वकील मंडळी भांडू शकतील. पण शाळेच्या मैदानावर, मान्यताप्राप्त शाळांच्या मुलांना घेऊन स्पर्धा भरवायची आणि कायदा आपल्याला लागूच नाही असं वागायचं, हे धाडस मला जमलं नसतं.

प्रशिक्षक प्रशिक्षित नाहीत, ही तक्रार खरी आहे. आमचे सरही नव्हते. त्यांनी केलेली प्रत्येक गोष्ट फक्की, वेळ आणि एका प्रश्नावर झाली. प्रवेशाच्या फॉर्मवर रक्तगट विचारतात, टी-शर्टचा साइज विचारतात. त्याखाली ‘खेळताना तुमच्या मुलाला कशाची गरज पडते?’ ही एक ओळ छापायला हरकत नाही. ऑटिस्टिक मुलांचेच आईबाप ती भरतील असं नाही. दम्याचा पंप लागणारं पोर असतं, चष्म्याशिवाय न दिसणारं असतं, ओरडलं की लघवी होणारं असतं. ते सगळं आत्ताही मैदानावर असतंच, सांगता येत नाही एवढंच.

आयोजकांना आम्ही पत्र दिलंय. त्यात वझीर आहे, टेनिसचे दोन टप्पे आहेत, दोन्ही कलमं आहेत. ताईला कलमं घालायची नव्हती, तिला वाटतं त्याने माणसं बिथरतात. मला वाटतं बिथरू देत. टाळी चालत नसेल तर ती का चालत नाही हे लेखी द्या, अशीही मागणी केली आहे. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. स्पर्धा डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे, आणि सरांनी प्रवेशिकेत त्याचं नाव भरून टाकलंय.